दाढीच्या ब्रशाच्या निमित्ताने

धर्माचे प्रश्न मोठ्या प्रसंगीच उभे राहतात, अशी आपली एक समजूत असते. यज्ञात पशू द्यावा की न द्यावा, रणांगणावर शस्त्र उचलावे की खाली ठेवावे, अशा प्रश्नांवर आपण कथाकीर्तनांतून पुष्कळ ऐकतो व मान डोलावतो. ते प्रश्न खरोखरच मोठे आहेत. परंतु आपल्यापैकी कितीजणांवर ते सोडविण्याची पाळी येते? आपल्या वाट्यास येतात ते लहान प्रश्न. पहाटे उठल्यापासून रात्री अंथरुणास पाठ टेकेपर्यंत कितीतरी वस्तू आपल्या हातांखालून जातात. त्यांतील प्रत्येक वस्तू कोठून तरी आलेली असते. कोणाच्या तरी श्रमातून, आणि कित्येकदा कोणाच्या तरी देहातून. त्यांची चौकशी आपण सहसा करीत नाही. गेल्या वर्षी अशाच एका वस्तूने आम्हांस विचारात पाडले. ती वस्तू म्हणजे दाढी करण्याचा ब्रश. विषय ऐकून वाचकांस हसू येईल हे आम्ही जाणतो. तरी थोडा वेळ त्यांनी आमच्याबरोबर यावे, अशी विनंती आहे.

घडले ते असे. मंदिराच्या सभासद-कुटुंबांपैकी एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना आम्ही लहानपणापासून काका म्हणत आलो, इंग्लंडात नोकरीस असलेल्या आपल्या मुलाकडे तीन महिने राहून परत आले. येताना त्यांनी आमच्या वडिलांसाठी मोठ्या प्रेमाने एक भेट आणली. आमचे वडील मंदिरात पूजेस असतात. क्षौरास निषिद्ध मानलेले दिवस सोडले, तर पहाटे दाढी, मग स्नान, मग सोवळे हा त्यांचा क्रम आम्ही समजू लागल्यापासून पाहत आहो. काकांनी हे ध्यानात ठेवून काळ्या मुठीचा, रुपेरी टोकांच्या केसांचा एक देखणा ब्रश आणला होता. त्याचे केस इतके मऊ होते की, अण्णांनी पहिल्याच दिवशी आम्हांस हाक मारून तो आमच्याही गालावरून फिरवून दाखविला. दोन महिने तो ब्रश वापरात राहिला. मग एके दिवशी कपाट आवरताना त्याची रिकामी पेटी आमच्या हाती आली. तीवर इंग्रजीत लिहिले होते : शुद्ध बॅजर. बॅजर म्हणजे काय, हे आम्हांस धड ठाऊक नव्हते. पेटी टाकून दिली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता. आम्ही ती टाकली नाही, व शोध घेतला.

बॅजर हा युरोपात व आशियाच्या उत्तर व पूर्व भागांत आढळणारा एक सस्तन प्राणी आहे. ठेंगणा, जाडजूड, बळकट नख्यांचा आणि तोंडावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा. आपल्या देशात आढळणारा रॅटेल हा त्याच कुळाचा दूरचा नातलग होय. बॅजर दिवसा बिळात झोपतो आणि रात्री गांडुळे, किडे, कंदमुळे, फळे शोधीत हिंडतो. युरोपातील बॅजर कुटुंब करून राहतात, आणि एकेक बीळ पिढ्यान्‌पिढ्या वापरात असते. त्यांच्याविषयी वाचताना एका गोष्टीने आमचे मन विशेष वेधले. हा प्राणी बिळातील अंथरुणाचे जुने गवत वेळोवेळी बाहेर काढून टाकतो व नवे सुके गवत आत ओढून नेतो. आणि मलविसर्जनासाठी बिळापासून दूर निराळे खड्डे करतो. शौचाचा एवढा नेम पाळणारा जीव ज्याच्या स्वच्छतेच्या साधनासाठी मारला जातो, तो मनुष्य स्वतःस शुचिर्भूत म्हणवितो, हे थोडे विचित्रच नव्हे काय?

इंग्लंडात १९७३ च्या व पुढे १९९२ च्या कायद्याने बॅजरला संरक्षण मिळाले आहे. परवान्यावाचून त्यास मारणे अथवा त्याचे बीळ उद्ध्वस्त करणे हा तेथे गुन्हा आहे. म्हणून ब्रशासाठी लागणारे केस बहुतांशी चीनमधून येतात. हे केस मेंढीच्या लोकरीप्रमाणे जिवंत प्राण्याच्या अंगावरून कातरून घेतलेले नसतात. प्राणी मारतात, त्याचे कातडे काढतात, आणि त्या कातड्यावरून केस वेगळे करून त्यांची प्रतवारी लावतात. अंगाच्या कोणत्या भागावरचे केस, किती मऊ, टोक किती पांढरे, यांवरून किंमत ठरते. रुपेरी टोकांचे केस सर्वांत महाग. २०१८ साली प्राणिरक्षणाचे काम करणाऱ्या पेटा या संस्थेच्या आशियाई शाखेने चीनमधील काही ठिकाणचे चित्रण प्रसिद्ध केले. रानात फासे लावून धरलेले आणि अरुंद पिंजऱ्यांत कोंडून ठेवलेले बॅजर त्यात दिसतात, व त्यांना कसे मारतात तेही दिसते. ते वर्णन आम्ही येथे करीत नाही. ज्या प्राण्याचे सारे आयुष्य माती उकरण्यात जावयाचे, तो तारेच्या पिंजऱ्यात फेऱ्या घालीत आहे, एवढे सांगितले तरी पुरे. हे चित्रण प्रसिद्ध झाल्यावर कित्येक कंपन्यांनी बॅजरचे केस वापरणे थांबविल्याचे जाहीर केले. परंतु असे ब्रश आजही विकले जातात.

हे सर्व आम्ही अण्णांस सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, “अरे, केस कातरून घेतात की जीव घेतात?” आम्ही म्हणालो, “जीव घेतात.” तेव्हा ते म्हणाले, “मग धाबळीची आणि याची गोष्ट एक नाही.” धाबळी लोकरीची, मेंढी कातरली म्हणजे ती पुन्हा रानात चरावयास जाते. मेंढपाळाच्या हातून तिला त्रास होतच नाही असे नव्हे, पण लोकरीसाठी तिचा जीव घ्यावा लागत नाही. ब्रशाच्या केसांसाठी तो घ्यावाच लागतो. अण्णांनी एका प्रश्नात जो भेद दाखविला, तो आम्हांस पुष्कळ ग्रंथ वाचूनही इतका लवकर उमगला नसता.

आता कोणी म्हणेल की, ज्याने मारले त्याचे पाप त्याला. आपण तर दुकानातून एक वस्तू घेतली, किंवा कोणी दिली म्हणून वापरली. हा युक्तिवाद आपल्या शास्त्रकारांस मान्य नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत, दुसऱ्या पादात, हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली, आणि अनुमोदन दिलेली. तिन्ही हिंसाच. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसाचा विचार करताना मारणाऱ्याबरोबरच अनुमती देणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा व खाणारा या सर्वांस घातक म्हटले आहे. बाजार म्हणजे तरी काय? आपण एक ब्रश घेतला की त्याच्या जागी दुसरा मांडला जातो, आणि तो मांडला जावा म्हणून दूर कोठेतरी आणखी एक फासा लावला जातो. चीनमधील तो मनुष्य आपले नाव जाणत नाही, आपण त्याचे जाणत नाही. तरी आपल्या पैशातून त्याच्यापर्यंत आपली अनुमती पोहोचतेच.

पतंजलींनी याच ठिकाणी हिंसेची कारणेही सांगितली आहेत : लोभ, क्रोध आणि मोह. या ब्रशाच्या बाबतीत क्रोध तर नाहीच. बॅजरवर रागावण्याचे कोणास काय कारण? लोभ थोडा आहे, कारण रुपेरी टोकांचा ब्रश ही प्रतिष्ठेची वस्तू समजली जाते. परंतु खरे कारण मोह हेच होय. मोह म्हणजे न जाणणे, आणि जाणून घेण्याची इच्छाच न होणे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचे नावच ‘अपरीक्षितकारक’ असे आहे, म्हणजे परीक्षा न करता केलेले कर्म. ब्राह्मणाच्या बाळास सापापासून वाचविणारे मुंगूस आणि त्यालाच घाईने मारून टाकणारी बाळाची आई, ही आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट त्याच तंत्रातील. विशेष हे की, त्याच मुंगसाचे केस आपल्या देशात चित्रकलेच्या ब्रशांसाठी वापरले गेले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसास संरक्षण आहे, तरीही असे ब्रश पकडले गेल्याच्या बातम्या येत असतात. गोष्ट ऐकून हळहळणारी मुले कदाचित त्याच केसांच्या ब्रशाने चित्र रंगवीत असतील. त्यांना ते कोणी सांगितलेले नसते.

येथवरचा विचार पटला, तरी पुढचा प्रश्न व्यवहाराचा आहे. या केसांवाचून चालते काय? कारण जेथे दुसरा उपायच नाही, तेथे शास्त्रही सवलत देते. आपद्धर्म नावाची गोष्ट आपल्याकडे आहे. पण येथे आपत्ती आहे काय, हे पाहिले पाहिजे.

ब्रशाचे काम तीन प्रकारचे असते. पाणी धरून ठेवणे, त्या पाण्यात साबण घुसळून दाट फेस करणे, आणि तो फेस गालावर फिरवून केस उभे व नरम करणे. बॅजरचा केस मध्ये जाड व टोकाशी निमुळता असतो. म्हणून त्याच्या झुबक्यात पाणी चांगले राहते आणि टोके टोचत नाहीत. हा त्याचा गुण खराच आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. कृत्रिम धाग्यांचे पहिले ब्रश या बाबतीत उणे होते, हेही खरे. १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॅलेस कॅरदर्स यांच्या मार्गदर्शनाखाली नायलॉन तयार झाले, आणि १९३८ साली त्याचा पहिला बाजारी उपयोग झाला तो दात घासण्याच्या ब्रशात. दाढीच्या ब्रशात मात्र सुरुवातीचा तो जाड, सरळ धागा नीट चालला नाही. तो राठ लागे व पाणी सोडून देई. जुन्या पिढीतील ज्यांनी असा ब्रश वापरला, त्यांचे मत प्रतिकूल झाले असल्यास नवल नाही. परंतु अलीकडे पॉलिएस्टरच्या जातीचे अतिशय बारीक, टोकाशी निमुळते केलेले धागे निघाले आहेत. हा धागा स्वतः पाणी शोषीत नाही. पाणी धाग्यांच्या मधल्या जागेत धरले जाते. त्यामुळे ब्रश आधी भिजत ठेवावा लागत नाही, साबण कमी लागतो, आणि वापरानंतर झटकून ठेवला की तो लवकर वाळतो. नव्या केसांच्या ब्रशास काही दिवस जो जनावराचा वास येतो, तोही यास येत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९३८ पूर्वी दात घासण्याचे ब्रशही डुकराच्या राठ केसांचे असत. आज आपल्यापैकी बहुतेक सर्वजण पहाटे उठून कृत्रिम धाग्यांचा ब्रश तोंडात घालतात, आणि आपले काही हरपले असे कोणास वाटत नाही. जे दातांच्या बाबतीत केव्हाच घडून गेले, ते गालांच्या बाबतीत घडावयास काय हरकत आहे?

‘पण नैसर्गिक ते शुद्ध’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना इतिहासातील एक उदाहरण सांगावेसे वाटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे १९१४ नंतर, बॅजरच्या केसांचा पुरवठा विस्कळीत झाला व त्यांच्या जागी घोड्याच्या केसांचे ब्रश मोठ्या प्रमाणावर निघाले. ते केस नीट निर्जंतुक न केल्यामुळे इंग्लंड व अमेरिका या देशांतील कित्येक सैनिकांस व नागरिकांस दाढी करताना काळपुळीची बाधा झाली, आणि काही दगावलेही. आज निर्जंतुक करण्याच्या पद्धती सुधारल्या आहेत, म्हणून भिण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे इतकेच की, वस्तू निसर्गातून आली एवढ्याने ती शुद्ध ठरत नाही, आणि कारखान्यातून आली एवढ्याने अशुद्धही ठरत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, विषयच क्षुल्लक आहे. आम्हांस तसे वाटत नाही. क्षौरकर्म हे हलके काम नव्हे. सेना महाराज न्हावी होते, आणि ते पूजेत मग्न असता प्रत्यक्ष पांडुरंगाने त्यांची धोपटी उचलून राजाची सेवा केली, अशी कथा आपण श्रद्धेने ऐकतो. ज्या साधनांना देवाने हात लावला असे आपण मानतो, त्यांचा विचार करणे कमीपणाचे कसे होईल? शिवाय क्षुल्लकपणा हा दोन्ही बाजूंना लागू पडतो. ब्रश बदलणे क्षुल्लक असेल, तर न बदलण्याचा आग्रहही क्षुल्लकच ठरतो. बॅजरच्या दृष्टीने मात्र त्यात काही क्षुल्लक नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. हिंसेवाचून जगणेच शक्य नाही, मग एका ब्रशाने काय होणार? महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाने कौशिक ब्राह्मणास हेच सांगितले आहे. नांगर चालतो तेथे जीव मरतात, धान्याच्या दाण्यात जीव असतात, चालताना पायाखाली जीव येतात. अहिंसेचे व्रत घेतलेले यतीही यातून सुटत नाहीत. पण धर्मव्याध तेथेच थांबत नाही. ते यती यत्नाने हिंसा कमी करतात, हेही तो सांगतो. हा ‘यत्न’ शब्द महत्त्वाचा आहे. संपूर्ण अहिंसा साधत नाही, म्हणून थोडीही साधू नये, असे म्हणणे म्हणजे सगळे कर्ज एकदम फिटत नाही म्हणून हप्ताही भरू नये, असे म्हणण्यासारखे आहे. शेतकऱ्याच्या नांगराखाली जो जीव मरतो, तो आपल्या अन्नासाठी. तेथे आपण अगतिक आहो. ब्रशासाठी जो मरतो, तो कशासाठी? दुसरा ब्रश शेजारीच ठेवलेला असता, तितकेच काम करीत असता, आपण पहिल्याकडे हात नेतो, तो केवळ आवडीसाठी. जेथे गरज संपते व आवड तेवढी उरते, तेथे हिंसेचा सगळा भार आपल्या आवडीवर येऊन पडतो. या लेखात आम्हांस मुख्यत्वे जे सांगावयाचे आहे ते हेच.

तिसरा आक्षेप कृत्रिम धाग्यांवरचा आहे, आणि तो खरा आहे. हे धागे खनिज तेलापासून होतात व मातीत कुजत नाहीत. बॅजर वाचवावा आणि पृथ्वी मलीन करावी, हा कोठला धर्म? याचे उत्तर आम्ही असे देतो. केसांच्या ब्रशाची मूठही बहुधा प्लास्टिकची अथवा राळेची असते, आणि झुबका रासायनिक डिंकानेच मुठीत बसविलेला असतो. तेव्हा तोही सगळा मातीत मिळणारा नव्हे. दुसरे, चांगला ब्रश नीट वापरल्यास अनेक वर्षे टिकतो. दर आठवड्याला फेकून द्यावयाचे वस्तरे आणि महिन्या-दोन महिन्यांनी रिकामे होणारे फेसाचे डबे यांच्यापुढे एका ब्रशाचे धागे फारच थोडे. तरीही दोष आहे, हे आम्ही कबूल करतो. ज्यांस तोही नको असेल, त्यांनी ब्रशच घेऊ नये. तळहातावर साबण चोळून गालास लावला तरी दाढी होते, आणि आपल्या आजोबा-पणजोबांपैकी अनेकांनी तशीच केली असेल.

कारागिरांच्या पोटाचा प्रश्नही कोणी काढील. झुबका बांधणे, तो मुठीत बसविणे, मूठ घडविणे ही कामे धागा कृत्रिम असला तरी तशीच राहतात. फासे लावणाऱ्याचे काम तेवढे जाते. त्यालाही दुसरे काम मिळावे, एवढीच प्रार्थना आपण करू शकतो.

शेवटचा आक्षेप बाहेरच्या कोणी घेतला नाही. तो आमच्याच घरात निघाला. अण्णांनीच एके संध्याकाळी आम्हांस विचारले, “अरे, ब्रशाचे सगळे ठीक आहे. पण मी नेसतो त्या कदाचे काय?” आम्ही निरुत्तर झालो. रेशमाचा लांब, अखंड धागा मिळावा म्हणून कोश आतील किड्यासह उकळत्या पाण्यात टाकतात किंवा वाफेवर धरतात. पीतांबर, कद, मुकटा यांना आपण सोवळे मानतो. ते सोवळे कोणत्या मार्गाने आपल्या अंगावर येते, हे क्वचितच बोलले जाते. ढोलकी-मृदंगाचे चामडे आहे, जुन्या घरांतील मृगाजिने आहेत, देवावर वारावयाची चवरी आहे. बॅजरसाठी हळहळायचे आणि रेशमाच्या किड्यास विसरायचे, हा दुटप्पीपणा नव्हे काय?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. दुटप्पीपणा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यातून निघणाऱ्या वाटा दोन. एक, रेशीम सुटत नाही म्हणून ब्रशही सोडू नये. म्हणजे दोन्ही चुका तशाच ठेवून सुसंगत राहावे. दुसरी, ब्रश सुटला, आता रेशमाचा विचार करू. पहिल्या वाटेने मनुष्य सुसंगत होईल, पण चांगला होणार नाही. आम्ही दुसरी वाट धरली. पतंग कोशातून बाहेर पडल्यावर मगच कोशाचे सूत काढण्याची रीत हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी चालविली आहे. त्या रेशमास अहिंसा रेशीम म्हणतात. ते अखंड धाग्याइतके तुळतुळीत नसते व महाग पडते. अण्णांचा कद अजून धडका आहे. तो टाकून दिल्याने मेलेला किडा उठत नाही. म्हणून तो विरेपर्यंत वापरावा, आणि पुढे धूतवस्त्र, धाबळी अथवा असले रेशीम यांपैकी काय घ्यावे ते तेव्हा ठरवावे, असे घरात ठरले आहे. हा निकाल सर्वांस पटेल असा आमचा दावा नाही. मंदिरातील वडीलधाऱ्यांनी यावर आपले मत द्यावे, अशी आमची इच्छा आहे.

राहिला तो काकांनी दिलेला ब्रश. तोही टाकून दिल्याने काही साधले नसते. पण अण्णा म्हणाले, “मला आता तो गालावर फिरवता येत नाही.” तेव्हा तो मंदिराच्या भजनी मंडळाकडे गेला, हार्मोनियमच्या सुरांवरची धूळ तो उत्तम झाडतो. खरी अडचण पुढेच होती. काकांस सांगावे की न सांगावे? प्रेमाने आणलेल्या भेटीस दोष लावणे हीही एक हिंसाच, वाणीने केलेली. न सांगावे, तर पुढील खेपेस ते आणखी एखादा ब्रश आणतील, कोणाला तरी कौतुकाने देतील, आणि आमचे मौन हेच अनुमोदन होईल. पंधरा दिवस आम्ही टाळाटाळ केली. अखेर एका एकादशीस, आरती झाल्यावर, अण्णांनीच काकांस बाजूला बसवून सर्व सांगितले. काका खजील झाले, आणि त्यांचा चेहरा पाहून आम्हांस फार वाईट वाटले. थोड्या वेळाने ते म्हणाले, “गुरुजी, दुकानात सगळ्यांत महाग होता, म्हणून सगळ्यांत चांगला समजलो. मुलाकडेही तसलाच आहे. त्याला आज सांगतो.” नंतर काही दिवस ते आमच्याशी थोडे कमी बोलत, हे आम्ही लपवीत नाही. आता पूर्ववत बोलतात. सत्य सांगण्याचे मूल्य कधी कधी असे द्यावे लागते, आणि ते ब्रशाच्या मूल्यापेक्षा अधिक असते.

ज्या वाचकांस आपल्या घरातील ब्रश तपासावासा वाटेल, त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून लेख संपवितो. पेटीवर ‘बॅजर’ असेल तर अर्थ स्पष्टच आहे. ‘बोअर’ असेल तर ते डुकराचे केस. आमच्या वडोदऱ्यातील एका दुकानदाराकडे असे स्वस्त ब्रश ढिगाने होते, आणि ते कशाचे हे त्या बिचाऱ्या जैन गृहस्थासही ठाऊक नव्हते. ‘सिंथेटिक’ असेल तर कृत्रिम धागा. काहीच लिहिलेले नसेल, तर गळालेला एक केस चिमट्यात धरून दिव्यावर न्यावा. प्राण्याचा केस जळताना केस जळल्याचा ओळखीचा वास येतो, आणि मागे चुरगळणारी राख राहते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. कृत्रिम ब्रश घेतल्यास तो कोमट पाण्यात भिजवून हलकेच झटकावा, उकळत्या पाण्यात बुडवू नये, आणि नंतर स्वच्छ धुऊन वाळवावा. सवय होण्यास आठवडाभर लागतो. अण्णांना तेवढाच लागला.

आमचे वय लहान व अभ्यास बेताचा आहे. धर्माचा निर्णय देण्याचा अधिकार आमच्याकडे नाही, हे आम्ही जाणून आहो. आम्ही केले ते एवढेच, की एका पेटीवरची अक्षरे वाचली आणि त्यांचा अर्थ विचारला. प्रत्येकाच्या घरात अशा कितीतरी पेट्या असतील. त्या सर्व एका दिवसात वाचून होणार नाहीत. परंतु एखादी हाती आलीच, तर ती न वाचता टाकू नये, इतके आपणां सर्वांस जमण्यासारखे आहे. श्रींच्या कृपेने तेवढी बुद्धी आपणांस राहो. इत्यलम्.